खर्ड्याच्या रस्त्यावरचा थांबा

॥ श्री ॥
नगर, ता. ४ मार्च १९७३

चि. गोरखनाथ यास आप्पामामाचा आशीर्वाद.

आधी आपल्या टँकरगाडीचं लिहितो, कारण ती तुझ्यासारखी लपवाछपवी करत नाही. दुसऱ्या गियरला ती किंचित रडते. बन्सी क्लीनरला ऑइल बघायला सांग.

मागच्या बुधवारी तुझ्या शेजारी बसून मी जामखेडहून खर्ड्याकडे आलो, तेव्हा तुला वाटलं मामा डुलक्या घेतोय. डोळे मिटले होते, कान नाही. क्लीनर असताना मी ट्रकखाली झोपायचो. सकाळी मालक खोकायचा, त्या खोकल्यावरून आज किती शिव्या बसणार ते मला कळायचं. तेच हे कान. खर्ड्याच्या अलीकडे वळणावर एक वस्ती लागते, दारात लिंबोणीचं झाड. तिथं आलास आणि एंजिनाचा आवाज खाली आला. गाडी थांबली नाही, नुसती घुटमळली. मी शेजारी नसतो तर थांबली असती.

मग जामखेडला बन्सीला बाजूला घेऊन चहा पाजला. तो म्हणाला, "मालक, मला ह्याच्यात पाडू नका. पोरगं चांगलं हाय. एखाद्या दिशी तितं गाडी उबी करतं, 'काका, तुमी बसा हितंच' म्हनतं, आन् वस्तीवर पळतं. माघारी येतं तवा केस वले, डोळे लाल, आन् त्वांड असं, जनू लॉटरी लागली."

"वस्तीवर कोन असतं?"

"कारभारी म्हनून म्हातारा हाय. आन् त्येची पोरगी, रतन."

एवढं ऐकल्यावर मी दुसरा चहा सांगितला.

एस.टी.च्या ड्रायव्हिंग परीक्षेत तू पास झालास. तिथला साहेब मला मोटार स्टँडवर भेटला. म्हणाला, "तुमच्या भाच्यानं बस अशी उलटी घेतली की आतला पेला सांडला नसता." ते वाक्य मी दिवसभर सगळ्यांना ऐकवलं. आता फक्त मेडिकल राहिलं. तुझी आई खाकी कापडाचा भाव विचारून आलीसुद्धा. बाप गेल्यावर तिनं तुला वाढवला, आता छातीवर ड्रायव्हरचा बिल्ला बघायचाय तिला. आमच्या घराण्यातला पहिला सरकारी बिल्ला.

वस्तीबद्दल काय ते खरं लिही.

तुझा,
आप्पामामा

---

जामखेड, ता. ११ मार्च १९७३

ती. मामांस गोरखचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. पत्र पोचलं. गियरचं ऑइल बदललं, रडं थांबलं. बन्सीकाका एका चहावर फुटतात हे ठाऊक असतं तर मी आधीच पाजला असता.

वस्तीवर मी पाण्यासाठी जातो. टँकरची लोखंडी टाकी उन्हानं तापते, आणि तिच्यातलं पाणी गावाचं, त्याला हात लावायचा नाही हे तुम्हीच शिकवलंय. कारभारीतात्यांचा रांजण सावलीत आहे. त्यातलं पाणी फार थंड असतं. फुकट घेत नाही. माझ्या खाण्यापिण्याच्या पिंपातली बादली त्यांच्याकडे ओतून येतो. बाकी काही नाही. तुम्हाला जे वाटतं ते वाटू द्या, पण आईला काही बोलू नका.

आईनं कळवलंय की घरची विहीर आटली, तळाचे दगड दिसतात. मामा, मला त्या विहिरीची फार आठवण येते. यंदा उडी मारायला कुठंच पाणी नाही.

मेडिकलची तेवढी धास्ती वाटते.

आपला,
गोरख

---

नगर, ता. २१ मार्च १९७३

चि. गोरख यास आशीर्वाद.

मेडिकलमध्ये तू पास! ऑफिसातून आजच कळलं. धास्ती कसली घेतोस? तू छाती फुगवलीस तेव्हा तपासणारा मागे सरकला असेल. ऑर्डर महिन्याभरात निघेल म्हणतात, माझ्याच पत्त्यावर येईल.

आता दुसरं. "तुम्हाला जे वाटतं ते वाटू द्या" असं पोरगा मामाला कधी लिहितो? नाही म्हणायचं नसतं तेव्हा. आणि पाणी फार थंड असतं म्हणे! अरे, तुझ्या मामीच्या माहेरचं पाणीसुद्धा मला असंच थंड लागायचं. दोन कोस वाकडी वाट करून प्यायला जायचो.

येत्या रविवारी मी नारळ घेऊन वस्तीवर जातोय. मुलाकडच्यांनी आधी मुलीच्या दारी जायची आपल्यात रीत नाही, ठाऊक आहे. पण रीत बघत बसलो असतो तर मी अजून दुसऱ्याच्या ट्रकचे टायर बदलत असतो. तू मध्ये पडू नकोस.

विहिरीचं मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी ऐन थंडीत कपड्यांसकट उडी ठोकायचास. तुझी आई साळूबाई काठी घेऊन काठावर, तू पाण्याखाली, आणि आम्ही सगळे पोट धरून हसतोय. विहिरीसाठी एवढा झुरणारा मी फक्त तुलाच बघितलं.

तुझा,
आप्पामामा

---

जामखेड, ता. २४ मार्च (पोस्टकार्ड)

ती. मामांस नमस्कार. कृपा करून वस्तीवर जाऊ नका. त्या मुलीचा तसा काही संबंध नाही. सगळं भेटीत सांगतो. — गोरख

---

नगर, ता. २७ मार्च १९७३

गोरख,

तुझं कार्ड सोमवारी हातात पडलं. मी रविवारीच जाऊन आलो होतो.

फेटा बांधून गेलो होतो. कारभारी दारात घोंगडी टाकून बसला होता. कोण पाव्हणे म्हणाला. मी म्हटलं, टँकरवाल्या गोरखचा मामा. तर म्हातारा ताडकन उठला.

"काय झालं पोराला? बरं हाय न्हवं?"

मला हसू आलं. म्हटलं, "झालंय खरं. म्हणून तर आलो." आणि नारळ पुढे ठेवला.

तो नारळाकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. मग त्यानं हात जोडले. "उतार पडला म्हना की! लई ब्येस झालं. हितंच फोडायचा का देवळात?"

"फोडायचा नाही. पोरीच्या हातात द्यायचाय."

तेवढ्यात रतन बाहेर आली. हाताला पीठ. सगळं ऐकत होती ती. माझ्यासारखेच कान दिसतात. म्हणाली, "मामा, तुमाला त्येंनी कायबी सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की. तुमचं पाणी थंड हाय म्हणून."

ती हसली नाही. "पळत येत्यात. बोलाया दम नसतो. हितं," तिनं गळ्याशी बोट लावलं, "हितं असं उडतं, जनू पिशवीत चिमनी कोंडली. मी रांजनातनं बादली भरून देती. ते लिंबोनीखाली गुडघं टेकून समदं त्वांड पान्यात बुडवत्यात आन् दम धरत्यात. मलाच भ्या वाटतं, वर येत्यात का न्हाई. दोन-तीन डाव असं केलं की एकदम थांबतं. मग हसत्यात. मी म्हनलं, अवो डाक्टरला दावा. तर म्हनत्यात, एस.टी.ची ऑर्डर हातात येऊ दे, मंग जातो. बैलाला असं झालं असतं तर आमी औत सोडून गुरांचा डाक्टर आनला असता."

कारभारी ओरडला, "ए पोरी, पाव्हन्याम्होरं बैल कुनाला म्हनती!" पण ती माझ्याकडेच बघत उभी.

केस ओले, डोळे लाल, तोंड लॉटरी लागल्यासारखं. बन्सीनं पाहिलं ते सगळं खरं. अर्थ मी लावला, आणि मोठ्या शहाणपणानं लावला. परत येताना एस.टी.त मला आपली विहीर दिसायला लागली. थंडीत कपड्यांसकट उडी. म्हणजे तेव्हापासून, होय रे? तू पाण्याखाली जीव शांत करत होतास आणि आम्ही काठावर पोट धरून हसत होतो. यंदा विहीर आटली म्हणून हे उघड्यावर आलं.

गाडीची किल्ली बन्सीकडे दे. दुसरा ड्रायव्हर उद्या पोचेल. स्टेअरिंगला हात लावायचा नाही. शुक्रवारी नगरला ये, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. साळूबाईला सांगतो की गाडीचे सुटे भाग आणायला चाललोय.

नारळ तिथंच ठेवून आलो. परत उचलायला हात झाला नाही.

आप्पामामा

---

पुणे, ता. ८ एप्रिल १९७३

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

तुम्ही परत गेलात आणि दुसऱ्याच दिवशी ते आलं. इतके दिवस येऊ नको म्हणायचो, त्या दिवशी ये म्हणालो. नर्सनं धावत यंत्र आणलं, छातीला, हातापायांना तारा लावल्या आणि कागदाची पट्टी निघाली. डॉ. दमयंतीबाई पट्टी बघून म्हणाल्या, "सापडला."

त्यांनी समजावलं ते असं. हृदयाचा ठोका एका ठरलेल्या वाटेनं खाली उतरतो. माझ्या हृदयात जन्मापासून एक आडवाट जास्तीची आहे. कधीतरी ठोका खाली उतरून त्या आडवाटेनं परत वर येतो आणि गोल गोल पळत सुटतो. थंड पाण्यात तोंड बुडवून दम धरला की त्याला लगाम बसतो. बाई म्हणाल्या, "हे पुस्तकात आहे. तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, विहिरीनं. त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून ते मला पुन्हा सांगायला लावलं. सगळे वहीत उतरवून घेत होते. मामा, मला लाज वाटायला हवी होती, पण ऐट वाटली.

मी विचारलं, मरेन का? त्या म्हणाल्या, "सगळ्यांनाच मरायचंय, पण याच्यामुळे तुम्हाला घाई नाही. गोळ्या चुकवू नका. काम करा, लग्न करा, डोंगर चढा. एकच सांगते, बस आणि ट्रक नाही. गोळ्यांनी हे कमी होईल, बंद होईल याची हमी मी देत नाही. आणि ते सांगून येत नाही."

तुमच्यापासून एक लपवलंय. फेब्रुवारीत एका गावात शिरत होतो. टँकर दिसला की बायका हंडे घेऊन चाकांच्या अगदी जवळून धावतात, तुम्ही पाहिलंय. तेवढ्यात छातीत सुरू झालं आणि डोळ्यांपुढं सगळं करडं झालं. ब्रेक दाबला. एक म्हातारी बंपरपासून हातभर अंतरावर उभी होती. तिला कळलंच नाही. म्हणाली, "बरा थांबलास लेकरा, माझा पयला नंबर आला." मी तिचा हंडा भरून दिला. तरी त्यानंतर महिनाभर गाडी चालवली, कारण मेडिकल तोंडावर होतं. मेडिकलच्या दिवशी छाती देवासारखी शांत होती.

परवा इथून सोडतील. सरळ आईकडे जातो.

आपला,
गोरख

---

नगर, ता. १७ एप्रिल १९७३

चि. गोरख यास आशीर्वाद.

ऑर्डर आली. समोर टेबलावर आहे. तुझं पूर्ण नाव, खाली ड्रायव्हर, एक मेपासून हजर व्हायचं. मेडिकलसमोर लिहिलंय: योग्य.

काल रात्री हा कागद बघत बसलो होतो. मनात आलं ते लिहितो, तुझ्यापासून झाकण्यासारखं काही नाही. डॉक्टर लोक सावधच बोलतात, तो त्यांचा धर्मच आहे. मी स्वतः मलेरियाच्या तापात घाट उतरलोय. गोळ्यांनी तुला पंधरा दिवसांत एकदाही झालेलं नाही. जाणणारी माणसं किती? मी, रतन, तिचा बाप. बन्सीच्या लक्षात आलं असेल, पण त्याला चहा मी पाजतो. वर्षभर गाडी चालव, नोकरी पक्की होऊ दे, मग एखादं बसून करायचं काम मागता येईल. साळूबाईनं वाटायला पेढे सांगून ठेवलेत.

मी आग्रह करत नाही. ऑर्डर सोबत पाठवतोय. पण एस.टी.चा ड्रायव्हर म्हणजे गावात काय मान असतो ते तू जाणतोस. गाडी फाट्यावर यायच्या आधी माणसं उठून उभी राहतात.

तुझा,
आप्पामामा

---

गाव, ता. २४ एप्रिल १९७३

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

ऑर्डर मिळाली. दोन दिवस उशाशी ठेवली. काल परत पाठवली. सोबत दमयंतीबाईंच्या कागदाची नक्कल जोडली आणि लिहिलं की मेडिकलच्या वेळी मी हे सांगितलं नव्हतं, तपासणाऱ्यांचा दोष नाही. दुसरं कुठलं काम असेल तर करेन, नसेल तर तक्रार नाही.

मामा, तुम्ही तापात घाट उतरलात, पण तेव्हा मागे साखरेची पोती होती. माझ्या मागे माणसं बसणार. फाट्यावर उठून उभी राहतात ती, आपल्यावर भरवसा ठेवून चढतात. त्या म्हातारीला तर मी तिच्यासाठीच थांबलो असंच अजून वाटत असेल.

आईला मीच सांगितलं. ती चुलीपुढं होती. तिनं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "इहिरीत उडी मारायचास तवा मी काठी घिऊन उबी ऱ्हायची. मारायला न्हाई रं. तू वर न्हाई आलास तर काठी म्होरं कराया." म्हणजे तिला नाव ठाऊक नव्हतं एवढंच. नंतर पेढे परत करायला निघाली, मी अडवलं. म्हटलं, वाट. पोराला काय झालंय ते कळलं, म्हणून वाट. तिनं वाटले, आणि प्रत्येक दारात हेच सांगितलं. काही जणांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. आईनं तो खाईपर्यंत तिथून पाय हलवला नाही.

आणखी एक. पुण्याहून येताना एस.टी.तच मला ते झालं. गोळ्या घेऊनसुद्धा. नेहमीसारखं तोंड खिडकीकडे फिरवून बसलो होतो. मग म्हटलं, किती दिवस? उठलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ड्रायव्हरसाहेब, गाडी घ्या बाजूला. माझं हृदय पळत सुटलंय. थोड्या वेळात बसेल."

मागून एक जण म्हणाला, "सकाळीच घेतली का काय ह्यानं?" त्याला एका आजीनं झापलं. तिच्याकडे मातीची सुरई होती, ओलं धडपं गुंडाळलेली, चांगली गार. पाणी किती मोलाचं झालंय यंदा. पण तिनं ते टॉवेलवर ओतलं. टॉवेल तोंडावर दाबून रस्त्याच्या कडेला बसलो, दम धरला. सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. थांबलं तसा मी हात वर केला आणि कुणीतरी घंटी वाजवली. चढताना ड्रायव्हर म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत. आमच्यातले पुष्कळ सांगत नाहीत."

तुमचं मन मोडलं असेल तर माफ करा. ऑर्डर परत पाठवल्याबद्दल मात्र माफी मागत नाही.

आपला,
गोरख

---

नगर, ता. ९ मे १९७३

चि. गोरख यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दहा दिवस उत्तर लिहिलं नाही. आधी राग, मग शरम, मग काय ते सांगता येत नाही. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाचा मामाच्या पुढं गेला, आता फेटा नीट बांधा."

काल स्टँडवर चहाला गेलो. तिथं आमची जुनी ट्रकवाली मंडळी. एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "काय आप्पासाहेब, भाच्याला एस.टी.नं नाकारलं म्हणे?"

मी बशी खाली ठेवली. "चुकीचं ऐकलंस. एस.टी.नं त्याला ऑर्डर दिली होती. त्यानं एस.टी.ला नाकारलं. का नाकारलं ते बसून ऐकणार असशील तर चहा माझ्याकडून."

सगळ्यांनी ऐकलं. मग एक म्हातारा ड्रायव्हर माझ्या कानाला लागला. त्याला वर्षभर एका डोळ्यानं धूसर दिसतंय. कुणाला बोलला नव्हता. उद्या त्याला दाखवायला नेतोय.

तेव्हा आता कामाचं ऐक. जामखेडच्या आपल्या सगळ्या टँकरचं काम तू बघ. कुठली गाडी कुठल्या गावाला, कोण ड्रायव्हर रात्रभर झोपला नाही, कोण तापानं फणफणलाय आणि लपवतोय. गाडीचा आवाज मी ओळखतो. लपवणारा माणूस तू माझ्याआधी ओळखशील. ज्याला तू बस म्हणशील तो बसेल, मग तो मी असलो तरी. हे उपकार नाहीत. मला असा माणूस हवाच होता.

आता वस्ती. कारभारी परवा आपणहून आला. तो नारळ परत घेऊन आला! म्हणाला, "पोरगी म्हनती, मामा इचारून गेलं, ज्येनं इचारायचं त्यो आलाच न्हाई. त्येचं त्येला इचारायचं आसंल तर नारळ त्येच्या हातनं यिऊ द्या." मी म्हटलं, तिला दुखणं ठाऊक आहे ना? तो म्हणाला, "तुमच्या आदीपासनं."

सोबत तिनं एक लिंबू पाठवलंय. सगळ्या शिवारात एवढं एकच झाड हिरवं आहे. तू तोंड बुडवायचास ते बादलीतलं पाणी ती लिंबोणीला घालायची, कारण दुसऱ्या कुणाला ते पिता येत नव्हतं. लिंबू लहान आहे, सालीला जाड, पण आहे. मी कापलेलं नाही. नारळ आणि लिंबू दोन्ही इथं टेबलावर आहेत. येऊन घेऊन जा.

तुझा,
आप्पामामा

---

जामखेड, ता. २१ मे १९७३

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

काम सुरू केलं. पहिल्याच दिवशी एका ड्रायव्हरला घरी पाठवलं, कावीळ होती. दोन शिव्या देऊन गेला. संध्याकाळी त्याच्या बायकोनं ताक पाठवलं.

काल वस्तीवर गेलो. गाडी बन्सीकाकांनी लांबच उभी करवली आणि या वेळी तेच म्हणाले, "तू जा, मी बसतो हितंच." पिशवीत नारळ होता. मी चालत जात होतो, पळत नव्हतो, पण रतननं लांबून मला बघितलं आणि सवयीनं आत गेली. मी दारात पोचेपर्यंत लिंबोणीखाली भरलेली बादली ठेवलेली होती.

मी म्हणालो, "आज पाण्यासाठी नाही आलो. छाती ठीक आहे. विचारायला आलोय."

तिनं माझ्या गळ्याकडे नीट बघितलं, खात्री करून घेतली. मग बाज पुढे ओढली.

"मंग बसा," म्हणाली. "पन बादली ऱ्हाऊ द्या तितंच. झाडाला लागंल."

आपला,
गोरख